अधूनमधून बंद पडणारा हॅम रेडिओचा पॉवर सप्लाय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॅम रेडिओच्या (हौशी बिनतारी) सेटला वीज पुरवणारा १३.८ व्होल्टचा स्विचिंग पॉवर सप्लाय कायमचा बंद पडला, तर त्याची दुरुस्ती त्या मानाने सोपी असते. जळालेला भाग सापडतो आणि बदलता येतो. खरा छळ करतो तो कधी चालणारा, कधी न चालणारा सप्लाय. तपासायला घेतला की तासन्‌तास मुकाट चालतो, आणि कॉल द्यायला माइक हातात घेतला की सेट विझतो. अशा सप्लायबद्दल मला पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची माझी उत्तरे खाली दिली आहेत.

सुरुवात कुठून करू? पेटी उघडू का?

नाही, आधी वही उघडा. अधूनमधून येणारा दोष लहरी वाटतो, पण तो लहरी नसतो. त्याला एक ठरावीक परिस्थिती लागते आणि ती आपल्याला अजून दिसलेली नसते, एवढेच. ती सापडली की निम्मी दुरुस्ती झाली. म्हणून प्रत्येक वेळी सप्लाय बंद पडला की लिहा: चालू करून किती वेळ झाला होता, नुसते ऐकत होतात की ट्रान्समिट करत होतात, कुठला बँड, किती वॅट, एसएसबी की एफएम (बोलून पाठवण्याच्या पद्धती) की डिजिटल (संगणकावरून), पंखा फिरत होता का, आणि सर्वांत महत्त्वाचे, सप्लाय परत कसा चालू झाला.

आठ-दहा नोंदी झाल्या की त्यांतून काहीतरी नक्की दिसते. एसएसबीवर तासभर चालणारा सप्लाय एफटी८ या डिजिटल पद्धतीवर तिसऱ्या-चौथ्या फेरीला बंद पडत असेल, तर उष्णतेकडे किंवा क्षमतेकडे बोट जाते. बोलताना सरासरी प्रवाह कमी असतो. एफटी८ मात्र १५ सेकंदांच्या फेरीत १२.६४ सेकंद अखंड कॅरियर (पूर्ण ताकदीचा सिग्नल) पाठवते. सप्लायवर ‘३० अँपिअर’ लिहिलेले असले तरी पाटीवरची बारीक अक्षरेही वाचा. अनेकदा ती कमाल मर्यादा असते आणि सतत देण्याची क्षमता २५ किंवा त्याहूनही कमी असते.

दोष सप्लायमध्येच आहे हे कशावरून ठरवायचे?

हा प्रश्न विचारायला लोक विसरतात, आणि त्यापायी चांगले सप्लाय उगीच उघडले जातात. १०० वॅटचा एचएफ (लघुलहरी) सेट ऐकताना साधारण १ अँपिअर घेतो, पण पूर्ण ताकदीने ट्रान्समिट करताना २० अँपिअरच्या आसपास. १ अँपिअरला निर्दोष वाटणारा सांधा २० अँपिअरला उघडा पडतो. सांध्यात फक्त ०.१ ओहम रोध असेल तर २० अँपिअरला तिथे २ व्होल्ट पडतात आणि ४० वॅट उष्णता तयार होते. म्हणजे सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता फ्यूज होल्डरच्या पोटात. त्याने स्प्रिंग आणखी ढिली होते, रोध वाढतो आणि उष्णताही वाढते.

तारेचाही हिशेब करा. २ मीटर लांबीची २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतली तर जाऊन-येऊन ४ मीटर होतात. त्यांचा रोध सुमारे ०.०२७ ओहम, आणि २० अँपिअरला अर्ध्या व्होल्टहून थोडे जास्त तिथेच जाते. ६ चौरस मिलिमीटरची तार लावली तर हाच आकडा पाव व्होल्टच्या खाली येतो.

मोजायचे असे: एक मल्टिमीटर सप्लायच्या टर्मिनलवर, दुसरा सेटच्या मागच्या कनेक्टरवर, आणि डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायच्या रोधकावर) पूर्ण ताकदीचा कॅरियर. सप्लायवर १३.८ टिकून आहे आणि सेटपाशी १२ च्या खाली जात असेल, तर सप्लाय निर्दोष आहे. मग फ्यूज होल्डर, क्रिंप, कनेक्टर एकेक करून तपासा. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना पिना लावल्या की दोषी सांधा स्वतःच आकडा दाखवतो. ट्रान्समिट थांबवल्यावर प्रत्येक सांध्याला बोटही लावून पाहा. गरम लागणारा सांधा बदला, घासून पुन्हा वापरू नका.

मेन्सची बाजूही विसरू नका. सैल सॉकेट, पातळ एक्स्टेन्शन बोर्ड किंवा सप्लायच्या पाठीवरच्या पॉवर कॉर्डचा ढिला पडलेला सॉकेट यांमुळेही अगदी असाच दोष दिसतो.

बंद पडल्यावर तो कसा परत येतो यावरून काही कळते का?

माझ्या मते सगळ्यांत बोलका पुरावा हाच. लोड काढताक्षणी सप्लाय आपोआप परत येत असेल, तर ओव्हरकरंट संरक्षण काम करते आहे. एक तर खरोखर जास्त प्रवाह जातो आहे, नाहीतर प्रवाह मोजणाऱ्या भागाची पातळी सरकली आहे. मेन्स स्विच बंद करून अर्धा मिनिट थांबल्यावरच येत असेल, तर संरक्षणाने लॅच मारला आहे, म्हणजे ते बंद अवस्थेतच अडकून बसले आहे. बहुधा ते ओव्हरव्होल्टेज संरक्षण असते.

दहा-पंधरा मिनिटे थंड झाल्यावर आपोआप येत असेल तर तापमान. पंखा, धुळीने भरलेल्या जाळ्या, थर्मल स्विच किंवा गरम झाल्यावर सुटणारा एखादा सांधा तपासा. पेटीवर थाप मारल्यावर येत असेल तर सांध्यापलीकडे विचार करायचीही गरज नाही. आणि ‘टिक्‌ टिक्‌ टिक्‌’ असा बारीक आवाज करत सेकंदाला एक-दोनदा उठायचा प्रयत्न करत असेल, तर कंट्रोल आयसीला स्वतःचे व्होल्टेज पुरेसे मिळत नाही किंवा आउटपुटला शॉर्ट आहे. यूसी३८४२ हा आयसी १६ व्होल्टला जागा होतो आणि १० व्होल्टच्या खाली गेला की झोपतो. त्याला पोसणारा छोटा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकला असेल, तर तो जागा होतो, पहिल्याच पल्सांना त्याचे व्होल्टेज कोसळते आणि चक्र पुन्हा सुरू होते.

महागडा सेट न जोडता लोड कसा द्यायचा?

१२ व्होल्ट ५५ वॅटचे गाडीच्या हेडलाइटचे बल्ब वापरा. १३.८ व्होल्टवर एक बल्ब साडेचार ते पाच अँपिअर घेतो, म्हणजे चार समांतर जोडले की सेटच्या पूर्ण ट्रान्समिटइतका लोड झाला. बल्बांचा आणखी एक फायदा असा, की व्होल्टेज क्षणभर डगमगले तरी उजेड डगमगतो आणि ते डोळ्यांना दिसते. साध्या मल्टिमीटरला इतका छोटा झटका पकडता येत नाही.

मात्र थंड फिलामेंटचा रोध गरमच्या सुमारे एक दशांश असतो. चारही बल्ब एकदम जोडले तर चांगला सप्लायसुद्धा ओव्हरकरंट समजून बंद होईल. एकेक करून जोडा. बल्ब विटेवर किंवा पत्र्यावर ठेवा, ते फार तापतात.

फक्त एकाच बँडवर ट्रान्समिट करताना बंद पडतो. बाकी बँडवर ठीक. हे काय?

हे जवळजवळ नक्की आरएफ, म्हणजे ट्रान्समिटरची रेडिओ ऊर्जा, आहे. प्रवाह सगळ्या बँडवर साधारण सारखाच असतो, मग २० मीटरवरच सप्लाय का पडावा? कारण त्या बँडवर तुमच्या तारांची लांबी नेमकी जुळते. फीडलाइनच्या (अँटेनाकडे जाणाऱ्या केबलच्या) बाहेरच्या कवचावरून परत आलेला आरएफ सप्लायच्या तारांवर चढतो आणि फीडबॅक किंवा ओव्हरव्होल्टेज सर्किटला फसवतो.

खात्री करणे सोपे आहे. अँटेना काढा, ५० ओहमचा डमी लोड लावा, बँड तोच, वॅट तेवढेच. आता सप्लाय टिकला तर त्याच्यात बिघाड नाही, अँटेनाच्या बाजूने येणारा आरएफ रोखायला हवा. पहिला उपाय अँटेनाच्या फीडपॉइंटवर चांगला कॉमन मोड चोक (केबलच्या कवचावरचा आरएफ अडवणारी गुंडाळी). त्यानंतर सप्लायच्या डीसी तारा, प्लस आणि मायनस दोन्ही एकत्र, फेराइट टोरॉइडमधून जितके बसतील तितके वेढे घालून काढा. एचएफसाठी ३१ क्रमांकाचे मिश्रण उत्तम. दोन्ही तारा एकत्रच गुंडाळायच्या, म्हणजे २० अँपिअर डीसीचे चुंबकत्व एकमेकांना रद्द करते आणि गाभा संपृक्त होत नाही. वेढे दुप्पट केले की रोध जवळपास चौपट होतो, त्यामुळे पाच ठिकाणी एकेक क्लिप लावण्यापेक्षा एकाच गाभ्यावर पाच वेढे कितीतरी चांगले. सप्लायच्या टर्मिनलवर आतून, पाय अगदी आखूड ठेवून, ०.०१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर जोडला तर आणखी मदत होते.

पेटी उघडणे कितपत सुरक्षित आहे?

मेन्सवर काम करायची सवय नसेल तर उघडू नका. यात कमीपणा काही नाही. २३० व्होल्ट मेन्स रेक्टिफाय झाल्यावर आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असते. ४७० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर सिरीजमध्ये असतील तर त्यांत १२ ज्यूल ऊर्जा साठते, आणि डिस्चार्जचा रोधक तुटलेला असेल तर प्लग काढल्यावरही ती बराच वेळ तिथेच असते.

प्लग काढा, पाच मिनिटे थांबा, मग २.२ किलो-ओहम १० वॅटचा रोधक इन्सुलेट केलेल्या पिनांनी काही सेकंद लावा, आणि शेवटी मीटरने मोजून पाहा. मोजल्याशिवाय हात घालायचा नाही, आपण नुकताच डिस्चार्ज केला आहे असे आठवत असले तरीही. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करण्याची सवय वाईट. त्याने ट्रॅक उडतात आणि कपॅसिटरही दुखावतो.

सप्लाय चालू ठेवून आत मोजायचे असेल तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच. ऑसिलोस्कोपची जमिनीची क्लिप प्रायमरी (मेन्सला थेट जोडलेल्या) बाजूला कधीही लावू नका. तिथला मायनस अर्थच्या पातळीवर नसतो, क्लिप लावताच सरळ शॉर्ट होतो. एक हात खिशात ठेवण्याचा जुना नियम आजही तितकाच खरा आहे.

उघडल्यावर पहिली नजर कशावर?

जड भागांच्या पायांवर. मुख्य ट्रान्सफॉर्मर, आउटपुट चोक, हीटसिंकला स्क्रूने बांधलेले ट्रान्झिस्टर आणि डायोड, मेन्स सॉकेट, आउटपुट टर्मिनल. हे भाग दर वेळी तापतात आणि थंड होतात. हीटसिंक एका दिशेने खेचते, बोर्ड दुसऱ्या दिशेने, आणि वर्षानुवर्षांच्या या ओढाताणीत पायाभोवती सोल्डरमध्ये केसासारखी गोल चीर पडते. वरून पाहिले तर सांधा चकचकीत दिसतो. भिंग घ्या आणि टॉर्च तिरपा धरा. पायाभोवती बारीक काळसर कडे दिसले की तोच चोर.

माझ्या स्वतःच्या सप्लायने मला यावरून चांगला धडा दिला. चालू केल्यावर वीसेक मिनिटांनी तो पडायचा, थंड झाला की परत यायचा. मी स्विचिंग ट्रान्झिस्टर बदलले, कंट्रोल आयसी बदलला, सगळे इलेक्ट्रोलिटिक बदलले. दोन महिने गेले. शेवटी बोर्ड पूर्ण बाहेर काढून भिंगाखाली धरला तेव्हा ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरच्या एका पायाभोवती ते कडे दिसले. सोल्डरचा एक थेंब, आणि सप्लाय त्यानंतर कधीच पडला नाही. बदललेले सगळे भाग निर्दोष होते. तेव्हापासून मी भाग विकत घेण्याआधी सांधे पाहतो.

सांधा नुसता पुन्हा गरम करू नका. जुने सोल्डर विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या जाळीने) किंवा पंपाने ओढून घ्या, पाय स्वच्छ करा, फ्लक्स लावा आणि नवे ६०/४० सोल्डर भरा. आउटपुटच्या जाड पायांना मोठे टोक आणि ताकदीचे आयर्न लागते. २५ वॅटच्या आयर्नने केलेला तिथला सांधा पुन्हा ड्रायच, म्हणजे कच्चाच, राहतो.

काहीच दिसले नाही तर?

मग दोषाला चिथवा. सप्लायला बल्बांचा लोड द्या आणि कोरड्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या काडीने भाग हलकेच टोका. ठोकायचे नाही, पेन्सिलने टेबलावर ताल धरावा इतकेच. बल्ब लुकलुकले की त्या भागात आलात. पण बोर्ड लवचीक असतो, एका टोकाला टोकले तर चीर दुसऱ्या टोकाला हलते. म्हणून जोर कमी करत करत, सगळ्यात हलक्या स्पर्शाला कोण उत्तर देतो ते शोधा.

उष्णतेशी जोडलेला दोष असेल तर हेअर ड्रायरने एकेक भाग तापवा आणि फ्रीझर स्प्रेने एकेक थंड करा. बंद पडलेला सप्लाय ज्या भागावर स्प्रे मारताच उठतो तो भाग किंवा त्याचा सांधा संशयित. आउटपुटच्या शॉट्की डायोडचा उलटा गळती प्रवाह तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो. थंड असताना मीटरवर निर्दोष दिसणारा डायोड गरम झाल्यावर संरक्षण चालू करू शकतो. हीटसिंकचा स्क्रू ढिला असेल किंवा थर्मल पेस्ट सुकली असेल तर तो वेळेआधीच त्या टप्प्याला पोचतो.

बंद पडलेल्या क्षणी नेमके काय मोजायचे?

कंट्रोल आयसी टीएल४९४ किंवा त्याची जुळी केए७५०० असेल, तर चार पिना जवळजवळ सगळे सांगतात. अर्ध-पुलाच्या (हाफ-ब्रिज, दोन पॉवर ट्रान्झिस्टरच्या) बऱ्याच डिझाइनमध्ये हा आयसी सेकंडरी (आउटपुटच्या) बाजूला असतो, पण तुमच्या बोर्डात तो प्रायमरीला नाही ना, हे आधी पाहा. १२, १४ आणि ४ नंबरच्या पिनांना आणि ७ नंबरच्या ग्राउंडला बारीक तारा सोल्डर करून बाहेर काढा. हे काम प्लग काढूनच करायचे. मग पेटी बंद करा आणि दोष येण्याची वाट पाहा.

दोष आला की वाचा. १२ वर व्होल्टेज नाही, तर आयसीला पोसणारा सहायक सप्लाय गेला आहे. १२ वर आहे पण १४ वर ५ व्होल्ट नाहीत, तर आयसी बिघडला आहे किंवा त्या ५ व्होल्टवर कोणीतरी जास्त ओढतो आहे. दोन्ही ठीक आणि ४ नंबरवर ३ व्होल्टच्या वर, म्हणजे संरक्षणाने आयसीला मुद्दाम थांबवले आहे. मग ते कुठून आले याचा माग मागे काढत जा. सगळे ठीक, ४ नंबरही खाली, तरी आउटपुट नाही, तर आयसीच्या पुढचा रस्ता तुटला आहे: ड्रायव्हर ट्रान्झिस्टर, ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर किंवा पॉवर ट्रान्झिस्टरच्या बेसकडचे छोटे कपॅसिटर. माझ्या सप्लायला मी ही मोजणी आधी केली असती, तर ते दोन महिने वाचले असते.

कपॅसिटर फुगलेला नाही, म्हणजे तो चांगला ना?

नाही. मोठे कपॅसिटर फुगून स्वतःची स्थिती सांगतात. १ ते ४७ मायक्रोफॅरडचे छोटे मात्र गुपचूप सुकतात. त्यातही हीटसिंकच्या किंवा तापणाऱ्या रोधकाच्या शेजारी उभे असलेले आधी जातात, कारण तापमान १० अंशांनी कमी असले तर इलेक्ट्रोलिटिकचे आयुष्य साधारण दुप्पट होते आणि वाढले तर निम्मे. ईएसआर (कपॅसिटरचा आतला रोध) मोजणारा मीटर असेल तर बोर्डावरच मोजा. नसेल तर हे छोटे सरसकट बदला, १०५ अंशांचे आणि लो ईएसआर घ्या. ‘थंडीत चालू होत नाही, जरा तापला की चालतो’ ही तक्रार बहुतेक वेळा यांचीच असते.

व्होल्टेज कधीकधी अचानक वर उडी मारते. वापरत राहू का?

सेट आत्ताच काढा. बंद पडणारा सप्लाय फक्त गैरसोय करतो, वर जाणारा सप्लाय सेट जाळतो. बहुतेक सेट १३.८ व्होल्टच्या १५ टक्के वरपर्यंत, म्हणजे १५.८ पर्यंत चालतात, त्यापुढे नाही.

इथे दोन संशयित. एक, व्होल्टेज ठरवणारा प्रीसेट किंवा पुढचा नॉब. त्याचा कार्बन झिजला की सरकता संपर्क क्षणभर सुटतो. हा भाग साफ न करता बदलाच. शक्य असेल तर सर्किट असे करा की संपर्क सुटला तरी व्होल्टेज खाली जाईल, वर नाही. दुसरा, सेन्सची तार, म्हणजे आउटपुटचे व्होल्टेज आयसीला कळवणारी. काही सप्लायमध्ये ती थेट आउटपुट टर्मिनलच्या नटाखाली येते. नट ढिला झाला की आयसीला वाटते आउटपुट कमी आहे, आणि तो ते वाढवत जातो. टर्मिनल बाहेरून जोर लावून आवळताना मागचा पूर्ण खांब फिरतो आणि आतला नट सुटतो. हे मी बऱ्याच सप्लायमध्ये पाहिले आहे.

फ्यूज वारंवार जातो. थोडा मोठा लावू?

कधीच नाही. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल तर आत शॉर्ट आहे. शॉर्ट सापडेपर्यंत दुसरा फ्यूज लावण्यात अर्थ नाही. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना मेन्सला ६० किंवा १०० वॅटचा जुना फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये जोडा, आउटपुटला लोड न देता. बल्ब चमकून मंद झाला तर ठीक, पूर्ण उजेडाने पेटत राहिला तर शॉर्ट अजून आहे.

पंखा फिरत नाही, पण सप्लाय चालतो. चालेल का?

अनेक सप्लायमध्ये पंखा तापमानावर चालतो, त्यामुळे लगेच घाबरू नका. दहा मिनिटे २० अँपिअर लोड देऊन पाहा. २७६ वॅट देताना ८० ते ८५ टक्के कार्यक्षमतेने पेटीत ५० ते ७० वॅट उष्णता उरते. तरीही पंखा हलला नाही तर बदला.

बंद पडायच्या आधी काही दिवस रिसीव्हरमध्ये गुरगुर वाढली होती. संबंध आहे?

बहुधा आहे. आउटपुटचे फिल्टर कपॅसिटर सुकू लागले की स्विचिंगचा कचरा बाहेर येतो आणि बँडवर ठरावीक अंतराने खरखरीत सिग्नल दिसू लागतात. बॅटरीवर सेट चालवून, सप्लायचा प्लग काढून ऐका. कचरा गेला तर तो सप्लायचाच.

सप्लायला बॅटरी समांतर जोडलेली आहे. तपासताना काही वेगळे?

बॅटरी आधी काढा. ओव्हरव्होल्टेजला आउटपुट शॉर्ट करणारे क्रोबार सर्किट असेल, तर ते चालू झाल्यावर बॅटरीचा शेकडो अँपिअरचा प्रवाह त्यातून जाईल. बॅटरीच्या टोकालाच फ्यूज नसेल तर आग लागू शकते. शिवाय बॅटरी जोडलेली असताना सप्लाय पडला तरी मीटर १२-१३ व्होल्ट दाखवत राहतो, आणि तपास भरकटतो.

दुरुस्त झाला असे कधी म्हणायचे?

ज्या परिस्थितीत तो पडत होता तीच परिस्थिती मुद्दाम आणून तो पडला नाही, तेव्हा. वहीत ‘वीस मिनिटांनी, गरम झाल्यावर’ लिहिले असेल तर चार बल्बांवर सलग दोन तास चालवा, मग पूर्ण थंड होऊ द्या, आणि असे तीनदा करा. चालता चालता काडीने टोका. मग डमी लोडवर सेट, नंतर अँटेनावर प्रत्येक बँड. तपासात तुम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलली असेल तर कशामुळे बरा झाला तेही कळेल. तीही तारखेसह वहीत लिहा, आणि सप्लायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवा.